पोकरणला सुटलेलं कोहळी स्टेशन

जायचं ठरलं तेव्हा माझं मत कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी ‘हो’च म्हणाले असते, कारण तोवर नागपूरच्या पश्चिमेला माझी मजल फक्त भुसावळपर्यंत गेली होती. साल त्र्याऐंशी असावं. ह्यांच्याकडे, म्हणजे माझ्या यजमानांकडे, शाळेतली मास्तरकी होती, एक जुनी बुलेट होती, आणि वर्षभरापासून रोज सकाळी घ्यायचं इन्शुलिनचं इंजेक्शन होतं.

आता अशा सहलींच्या जाहिराती मोबाइलवर दिसतात. तेव्हा आमच्या ओळखीत एकच माणूस मोटारसायकलवाल्यांना घेऊन अबूचा डोंगर आणि जैसलमेरचं वाळवंट दाखवायचा. फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार. एकाहत्तरच्या लढाईत त्याच वाळवंटात ते मोटारसायकलवरून संदेश पोचवायचे. सहा गाड्या आणि मागून सामानाचा टेम्पो, एवढा त्यांचा लवाजमा. निघण्याआधी त्यांनी सगळ्यांना घरी बोलावून दोन नियम सांगितले.

“एक. आरशात आपल्या मागचा दिसला पायजे. नाई दिसला तं थांबायचं. दोन. कोणाले काही दुखणं असन तं आत्ताच सांगा. वाटेत समजलं तं गाडी टेम्पोत अन् माणूस रेल्वेत. मंग माह्यावर चिडायचं नाई.”

हे सतरंजीकडे बघत राहिले. मी पंख्याकडे बघितलं. 

घरी येऊन मी भांडले. “काहून नाई सांगतलं तुमी?”

“सांगतलं असतं तं नेलं असतं का वं त्यायनं?”

मग मी धंतोलीला डॉक्टरांकडे गेले. त्यांनी समोर बसवून समजावलं: इंजेक्शननंतर जेवण वेळेवर हवं. घाम सुटला, हात थरथरले, बोलण्यात घोळ झाला, तर साखर उतरली समजायचं आणि तोंडात काहीतरी गोड घालायचं. बोलण्यातला घोळ ओळखायला त्यांना रोज तोच प्रश्न विचारत जा, म्हणाले. हे काटोलचे. लहानपणी पॅसेंजरने नागपूरला येऊन-जाऊन वाटेतली स्टेशनं तोंडपाठ. तोच प्रश्न ठरला. गोधनी, भरतवाडा, कळमेश्वर, कोहळी, सोनखांब, मेटपांजरा, काटोल.

इन्शुलिनला थंडावा हवा आणि वाळवंटात फ्रीज कुठून आणणार? मी आमच्या कूलरच्या ताटीतला वाळा उपसला, एका छोट्या सुरईभोवती गुंडाळला, आत बाटली ठेवली आणि सुरई ओल्या फडक्यात बांधली. कोणी विचारलं तर काय सांगायचं तेही ठरवलं: डोळ्यांत घालायचं औषध. खोटं बोलायची मला सवय नव्हती, त्यामुळे गाडी सुटण्याआधीच मला आंबट ढेकर यायला लागले.

रेल्वेने गाड्या न्यायच्या तर पार्सल ऑफिसात पेट्रोलची टाकी पूर्ण रिकामी करून दाखवावी लागते. आरसे काढून ठेवा आणि हँडलला पेंढा, गोणपाट बांधा. अहमदाबादला उतरून पुन्हा पेट्रोल भरलं, टेम्पो तिथूनच भाड्याने घेतला. लिटरला सहा-साडेसहा रुपये पडायचे तेव्हा. तिथून अबूरोडपर्यंत रस्ता सरळ आणि बरा. पुढचा घाट वळणावळणाचा, माकडांनी भरलेला. प्रत्येक वळणावर मला वाटायचं, आता ह्यांना गरगरणार. मी कानाशी ओरडायचे, “स्टेशनं!” आणि हे वळण घेता घेता शांतपणे काटोलपर्यंत पोचायचे. अबूला मार्च महिन्यातही पहाटे स्वेटर लागला. सगळे ‘नक्की’ नावाच्या तलावावर फिरायला गेले. मी धर्मशाळेच्या खोलीत कडी लावून काचेची सिरिंज उकळत बसले. तलाव मी अजून पाहिलेला नाही.

जोधपूरपर्यंतचा दिवस निभावला. गरमागरम मिरचीवडे खाल्ले, ह्यांना एकच दिला आणि त्यावरून दिवसभर टोमणे ऐकले. किल्ला बघायचा असेल तर सकाळी लवकर चढा, दुपारी दगड तापतात.

जोधपूर ते जैसलमेर पावणेतीनशेच्या वर किलोमीटर. उन्हाची आम्हा नागपूरकरांना काय मातब्बरी, असा सगळ्यांचाच तोरा होता. आपला इलाज ठरलेला: दुपट्टा पाण्यात बुडवायचा, डोकं, कान, मान गच्च बांधायची. अर्ध्या अर्ध्या तासाने मी बाटलीतलं पाणी ह्यांच्या दुपट्ट्यावर ओतत होते. ते मानेवरून पाठीवर उतरायचं आणि शर्ट ओलाचिंब व्हायचा. सुभेदारसुद्धा म्हणाले, “वहिनी, मास्तरची मजा आहे.”

पोकरणच्या अलीकडे एक गाडी पंक्चर झाली. तासभर तिथेच गेला. पोकरणला ढाब्यावर पोचलो तर भाजी संपलेली, नवी व्हायला वेळ होता. सुभेदारांना उजेडात जैसलमेर गाठायचं होतं. चहा आणि दोन-दोन बिस्किटं खाऊन उठायचं ठरलं. ह्यांनी सकाळी इंजेक्शन घेतलं होतं आणि आता पोटात होती दोन बिस्किटं. सांगावं तर रेल्वे, आणि न सांगावं तर काय, हे मला माहीत होतं. गाडीवर बसता बसता मी विचारलं.

“गोधनी, भरतवाडा, कळमेश्वर, सोनखांब, मेटपांजरा, काटोल,” हे म्हणाले आणि किक मारली.

वाऱ्याने गिळलं असेल, असं मी म्हणाले. मनातल्या मनात.

लाठी गावाच्या पुढे रस्ता सुनसान होतो. दोन्ही बाजूंना खेजडीची खुरटी झाडं, मध्येच डांबरावर सरकून आलेली वाळू. आमची गाडी हळूच डावीकडे जायची आणि पुन्हा उजवीकडे. मी मानेला हात लावला. ओली. पाठीला लावला. ओली. पण ती मीच ओली केली होती! डॉक्टरांनी सांगितलेला घाम मी सकाळपासून स्वतःच्या हाताने पाण्यात बुडवत आले होते.

“स्टेशनं सांगा!” मी ओरडले.

“गोधनी,” हे म्हणाले. मग बरंच थांबून, “काटोल.”

“थांबवा गाडी!”

ह्यांनी ऐकलंच नाही. मी डोक्यावरचा पांढरा दुपट्टा सोडला आणि हात उंच करून हलवायला लागले. पुढच्याने आरशात पाहिलं. त्याचा हॉर्न वाजला, मग त्याच्या पुढच्याचा, असं करत तो सगळ्यात पुढे असलेल्या सुभेदारांपर्यंत गेला. तोवर आमचं चाक वाळूत रुतून गाडी आडवी झाली होती. वेग नव्हता म्हणून दोघांचंही गुडघ्यावर निभावलं. हे वाळूत बसून हसत होते आणि मला ओळखत नव्हते. तसं हसणं मी पुन्हा कधी बघू नये.

झोळीत ग्लुकोजचा पुडा होता. पण त्याच झोळीत पाण्याची बाटली होती, ती झिरपून पुड्याचा दगड झाला होता. तो माझ्याने फुटेना. सुभेदार धावत आले, हातातून पुडा घेतला आणि पान्याने ठोकून फोडला. खडे ह्यांच्या गालात कोंबता कोंबता त्यांनी मला विचारलं, “साखर आहे ना याले? कधीपासून?”

मी सांगितलं. सगळं, सुरईसकट.

दहा-पंधरा मिनिटांनी ह्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, “काहून रडून राहिली वं?” तेव्हा मी खरंच रडायला लागले.

सुभेदार चिडले ते त्यानंतर. “मले सांगतलं असतं तं लिमलेटच्या गोळ्या माह्या खिशात राह्यल्या असत्या. ढाब्यावर थांबलो असतो. भाजीले किती वेळ लागते? मी काय राक्षस आहे का?” गाडी टेम्पोत चढवली. माणूस रेल्वेत जाईल, असं धरून मी ड्रायव्हरशेजारी ह्यांना टेकून बसले.

पण दुसऱ्या दिवशी सम गावच्या टेकड्यांकडे निघताना सुभेदारांनी ह्यांना आपल्या मागे बसवलं. टेम्पो मागोमाग, त्यात मी. दर पाच-सात मैलांवर पुढून त्यांचा आवाज यायचा, “मास्तर, गोधनीनंतर?” वाळूच्या टेकडीवर सगळे अनवाणी चढले. मी खाली उभी राहून ह्यांच्या चालण्याकडे बघत होते. वाळवंट सुंदर होतं असं सगळे म्हणाले.

तुम्ही जाणार असाल तर दोनच सांगणं. पोकरणला पोटभर जेवून निघा. आणि नेणाऱ्या माणसाला आपलं दुखणं सांगा, नाही नेलं तर नाही.

आता हे ऐंशीला टेकलेत. बुलेट केव्हाच विकली, आम्ही हुडकेश्वरला राहायला आलो. पाहुणे आले की हे ती गोष्ट सांगतात आणि शेवटी म्हणतात, “पहिल्याच चुकीले पकडलं बायकोनं.” चाळीस वर्षं मी ते ऐकून घेतलं आणि चहा ठेवायला आत गेले. पोकरणला कोहळी सुटलं होतं, मी ते ऐकलं होतं आणि मला जैसलमेर बघायचं होतं, हे मी पहिल्यांदाच इथे लिहिते आहे.

ग्रुपवर टाकण्याआधी मजकूर ह्यांना वाचायला दिला. भिंग घेऊन वाचला, बराच वेळ लावला.

“मले माहीत होतं,” म्हणाले.

“काय माहीत होतं?”

“कोहळी सुटलं ते. तोंडातून गेल्याबरोबर समजलं मले. तू काही बोलते का, पाह्यलं. तू नाई बोलली, तं मारली किक.”

माझं घड्याळाकडे लक्ष गेलं. साडेबारा वाजले होते, त्यांची जेवायची वेळ. मी उठून पानं घेतली.