विजयाताईंचं माप

बिघाड झाला की विजयाताई लगेच कशालाच हात लावत नसत. आम्ही "रीस्टार्ट करू या" म्हणत मागे घुटमळलो, की चष्मा डोक्यावर चढवून डोळे चोळत. "नक्को. बंद करून चालू केलं की दुखणं लपतं, जात नाही. निरोप कुठून निघाला, कुठपर्यंत पोचला, ते आधी सांगा."

त्यांचा जन्म हैदराबादच्या सुलतान बाजारातला, त्यामुळे मराठीत दखनी मुरलेली. मी कुडाळचा, दहावीनंतर शाळा सुटलेला. हैदराबादेत मला तात्पुरतं कामावर घेतलं ते त्यांच्या शब्दाखातर. आमच्या कंपनीचे प्रोग्राम कंटेनरांत, म्हणजे बंद डब्यांत चालतात. डबे अनेक मशीनांवर पसरलेले, आणि त्यांच्यात सतत निरोपांची ये-जा. ती तुटली की आमची धावपळ.

एका दुपारी मोठ्या ऑर्डरी अडकल्या. त्याच सकाळी मी डब्यांमधल्या वाहतुकीचा एक नियम बदलला होता. मॅनेजर सगळ्यांदेखत म्हणाले, डिग्री नसलेल्याच्या हाती नियम दिले की हेच होणार, उद्यापासून येऊ नकोस. गावाकडे काय तोंड दाखवणार होतो?

ताई दमलेल्या पावलांनी येऊन शेजारी बसल्या. माझा नियम वाचला. एका डब्यातून शेजारच्या डब्याला हाक दिली, उत्तर आलं. दुसऱ्या मशीनवरच्या डब्याकडूनही आलं. मग त्या निरोप मोठा करत गेल्या, आणि एका मापापुढे सगळं गप्प झालं. तेही फक्त नव्या मशीनांवर.

मशीनबाहेर जाणारा निरोप आणखी एका पाकिटात घातला जातो. त्या पाकिटापुरती जागा सोडून आतल्या निरोपाचं माप कमी ठेवावं लागतं. नव्या मशीनांवर ते कमी करायचं राहिलं होतं. लहान निरोप जात होते, भरलेले वाटेत अडकत होते.

नवी मशीनं आदल्या रात्री ताईंनीच जोडली होती. ही चूक पाहिलेले आम्ही दोघंच. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं. त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि मॅनेजरांच्या टेबलापाशी गेल्या.

"याचा नियम ठीक आहे. माप मी चुकवलं."

"तुम्ही?"

"हौ, मीच. डिग्री आहे माझ्याकडे."

त्या वर्षी त्यांची बढती राहून गेली, माझी नोकरी पक्की झाली. पुढे गुडघे फारच दुखायला लागले, तेव्हा त्यांनी काम सोडलं. शेवटच्या दिवशी मी त्या दुपारचा विषय काढला.

"राहू दे रे," त्या म्हणाल्या, "दमले मी. चहा सांग."

मी चहा सांगायला गेलो.