पाच मिनिटांनंतरची रेघ

आमच्या शर्टांच्या कारखान्यात तिला सगळे भिंग म्हणायचे, तेही तोंडावर. तिला त्याचा राग नव्हता, उलट आतून बरंच वाटत असावं. एखादा टाका सुटलेला असो, नाहीतर कॉलरची टोकं केसभर मागेपुढे झालेली असोत, तो शर्ट भिंगाच्या टेबलावरून पुढे सरकायचा नाही. अठरा वर्षं ती पांढऱ्याफक दिव्यांखाली उभी राहून माल तपासत होती. मी काजं करते, माझं मशीन तिच्या टेबलाला लागूनच आहे. माझे किती शर्ट तिने माझ्याच पुढ्यात परत आणून टाकले असतील, सांगता येणार नाही. तरी आमचं जमायचं. डबा आम्ही एकत्र खायचो. तिच्या घरातलं मला जे ठाऊक आहे ते बहुतेक त्या अर्ध्या अर्ध्या तासांतलं.

तिचं लग्न उशिरा झालं, बत्तिसाव्या वर्षी. नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा, दहा वाक्यं ऐकून एक बोलणारा. घरात ती, तो आणि सासूबाई. दुसऱ्या वर्षी दिवस राहिले होते, पण दोन महिन्यांत सगळं संपलं. त्यानंतर काही नाही. डॉक्टरांनी तेव्हा दोघांना तपासलं, वाट बघा म्हणाले, आणि हे दोघं वाट बघत राहिले. घरी करायच्या चाचण्या तिने इतक्या केल्या की पाकिटावरच्या सूचना तिला तोंडपाठ होत्या. सकाळची पहिली लघवी घ्यायची, पट्टीच्या खाचेत तीन थेंब सोडायचे आणि पाच मिनिटं थांबायचं. ‘सी’पाशी रेघ उमटली म्हणजे पट्टी नीट चालते आहे. ‘टी’पाशीही उमटली तर दिवस राहिलेत. ‘सी’ची एकटीच आली तर नाही. आणि दहा मिनिटांनंतर पट्टीवर काहीही दिसलं तरी ते धरायचं नाही. “आमची ‘टी’ संपावर गेलीय,” असं ती डबा उघडता उघडता सांगायची, आणि मी हसायचे, कारण मी हसावं असं तिला वाटायचं. पुढे तिने पट्ट्या आणणं सोडून दिलं.

अडतिसावं लागलं त्या वर्षी तिची पाळी चुकली. एक महिना, मग दुसरा. टेबलाशी उभी असताना तिला अचानक घाम फुटायचा, कानशिलं लाल व्हायची. झोप उडाली होती. चिडचिड तर इतकी की सुपरवायझर तिच्या वाटेला जाईना. मी तिला म्हटलं, एकदा बघून तरी घे. ती घराजवळच्या औषधवाल्याकडे गेली नाही, कारण तो सासूबाईंच्या ओळखीचा. बसने दोन थांबे पुढे जाऊन दोन पट्ट्या घेऊन आली.

पहिलीवर एकच रेघ आली. तिने ती कागदात गुंडाळून टाकून दिली. लवकर केली असेल, अशी मनाची समजूत घालून तिने आठवडा काढला.

दुसरी पट्टी तिने सुट्टीच्या दिवशी सकाळी केली. पाच मिनिटं घड्याळाकडे बघत मोरीत उभी राहिली. रेघ एकच. तेवढ्यात सासूबाईंनी पाठ चोळून द्यायला हाक मारली. पट्टी आरशामागे सरकवून ती गेली, मग दूध, मग भाजी निवडणं. पाऊण तासाने पट्टी फेकायला हातात घेतली तर ‘टी’पाशी काहीतरी होतं. करडं, जेमतेम, ओला धागा कापडावर टेकवून उचलावा तसं. दहा मिनिटं कधीच उलटून गेलीत, हे तिला माहीत होतं. पण अठरा वर्षं जे कोणाला दिसत नाही ते तिला दिसत आलं होतं, आणि दिसलेलं नाकारायची तिच्या डोळ्यांना सवय नव्हती. तिने नवऱ्याला बोलावलं.

त्याने पट्टी खिडकीपाशी नेली. पुष्कळ वेळ बघितली.

“तिरपी धरा,” ती म्हणाली.

त्याने तिरपी धरली.

“आहे,” तो म्हणाला.

सरकारी दवाखान्यातला नंबर बारा दिवसांनंतरचा लागला. ते बारा दिवस त्या घरात काय होतं ते मी डोळ्यांनी पाहिलं नाही, पण तिच्या डब्यातून मला कळायचं. एरवी सुनेच्या हातच्या भाजीला नाव ठेवणाऱ्या सासूबाई आता स्वतः उठून डबा भरत होत्या आणि मला पुरेल इतकं जास्तीचं देत होत्या. बादल्या नवरा उचलायचा. एकदा म्हणे तो कामाला जाताना दारापर्यंत गेला, परत आला आणि नुसताच तिच्याकडे बघून गेला. आणि भिंगाने जन्मात केलं नव्हतं ते केलं. मॅनेजरकडे जाऊन बसायला स्टूल मागितलं. कारण विचारल्यावर तिने खरं सांगितलं, आणि संध्याकाळपर्यंत ते कटिंगपासून पॅकिंगपर्यंत सगळ्यांना कळलं. बाया येऊन तिच्या पाठीवर हात ठेवून गेल्या. मीही तिच्याबरोबर खूश होते. तिने मला ती पट्टी दाखवली नव्हती, आणि मी ती मागितलीही नाही. त्याची मला अजून टोचणी आहे.

दवाखान्यातली डॉक्टरीण वयाने हिच्यापेक्षा लहान. तिने सोनोग्राफी केली, दोनदा केली. मग विचारलं, पट्टी किती वेळाने पाहिली? हिने खोटं सांगितलं नाही. रेघेला रंग होता का, गुलाबीसर? नव्हता. तेव्हा डॉक्टरणीने नीट समजावलं. खरी रेघ फिकी असली तरी रंगाची असते आणि वेळेत येते. लघवी वाळली की पट्टीवर असा डाग मागे राहतो, तो कोणाच्याही पट्टीवर राहू शकतो.

“म्हणजे पट्टी चुकली?” नवऱ्याने विचारलं.

“पट्टी नाही चुकली. पहिल्या पाच मिनिटांत तिने बरोबरच सांगितलं होतं.”

मग पाळी का चुकली ते बघायला रक्त घेतलं, काही दिवसांनी पुन्हा बोलावून परत घेतलं. महिन्याभराने दुसरा निकाल हातात आला. पाळी कायमची थांबायच्या बेतात होती. घाम, झोप उडणं, चिडचिड, सगळं त्याचंच. असं चाळिशीच्या आत काही बायकांचं होतं, डॉक्टरीण म्हणाली. यातूनही क्वचित दिवस राहतात, पण त्या आशेवर बसू नका, हेही तिने स्पष्ट सांगितलं. घरात आणखी कोणाचं असं लवकर झालंय का, तेही विचारलं.

सोनोग्राफी झाली त्याच दिवशी, परतीच्या वाटेवर बसमध्ये तिने नवऱ्याला एकच गोष्ट विचारली होती. तुम्हाला ती रेघ खरंच दिसली होती का?

“नाही,” तो म्हणाला. “मला काहीच दिसलं नव्हतं. म्हटलं, तुझ्या नजरेपुढे माझी काय लायकी.”

ती भांडली नाही. भांडायला काही उरलंच नव्हतं, असं मला म्हणाली. सासूबाईंना नवऱ्यानेच सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून डबा पुन्हा हिने भरायचा, हे न सांगता ठरलं. कारखान्यात सांगायचं काम माझ्यावर आलं. मी टेबलाटेबलाशी जाऊन हळू आवाजात सांगितलं, आणि बायांनी तिच्याकडे बघायचं टाळलं. ते हात ठेवण्यापेक्षा वाईट.

डॉक्टरणीचा प्रश्न मात्र तिच्या डोक्यात राहिला. आई जाऊन पंधरा वर्षं झाली होती. मोठी बहीण परगावी. तिने बहिणीला फोन लावला, आधी पाणी कसं येतं, पाय दुखतो का, असं इकडचं तिकडचं विचारलं आणि मग आईचं विचारलं.

बहीण सहज म्हणाली, “आईची छत्तिसाव्या वर्षीच गेली की. मावशीचीही तशीच. तू लहान होतीस.”

“मला कधी सांगितलं का नाहीस?”

“त्यात सांगण्यासारखं काय असतं?”

माझ्याशी हे बोलताना ती पहिल्यांदा रडली. दवाखान्यात नाही, बसमध्येही नाही, डब्याचं झाकण हातात धरून माझ्यापुढे. आधी कळलं असतं तर लग्नासाठी थांबले नसते, वाट बघा म्हटलं तेव्हा बघत बसलो नसतो, असं ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. मी म्हटलं, तेव्हा तरी कोण सांगू शकलं असतं. पण माझ्या बोलण्यात दम नव्हता आणि तिला ते लगेच कळलं.

तिची एक भाची आहे, त्याच बहिणीची मुलगी, सत्तावीस वर्षांची, लग्न झालेली, एका बँकेत नोकरीला. तिला तरी सांगायलाच हवं, असं हिने ठरवलं. जेवणाच्या सुट्टीत माझ्यासमोर फोन लावला. भाचीने उचलला. हिने दोन वाक्यांत विषय काढला, आणि पलीकडून आवाज एकदम औपचारिक झाला. मावशी, मी कामात आहे, संध्याकाळी करते. संध्याकाळी फोन आला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. बहिणीचा आला. म्हणाली, पोरीच्या डोक्यात नको ते भरवू नकोस, तिचं सगळं नीट चाललंय.

मग हिने भाचीला मेसेज लिहिला. मला वाचून दाखवला. आजीचं वय, मावशीआजीचं वय, स्वतःचं वय, आणि एकदा डॉक्टरांना दाखवून घे, एवढंच. पाठवला, फोन पर्समध्ये ठेवला आणि घंटा झाली म्हणून उठली. त्याला आता सात महिने झाले. उत्तर आलेलं नाही.