चौथ्या दिवसाची दाढी

माझ्या नाकावर राग असतो, असं घरचे म्हणतात. असू दे. कतारमधल्या गॅस प्लांटवर सात वर्षं सेफ्टी ऑफिसर म्हणून काढली, मग तो जाणार कुठे?

समुद्रातल्या विहिरींचा गॅस पाइपातून आमच्याकडे यायचा. त्यात एक विषारी गॅस असतो. थोडा असला तर सडक्या अंड्यांचा वास येतो, जास्त झाला की नाकच बधिर होतं आणि माणूस दोन श्वासांत आडवा. म्हणून लाइन उघडताना तोंडावर हवेचा मास्क लागतो, आणि तो गालाला घट्ट बसायचा तर दाढी गुळगुळीत हवी. खुंट वाढले की फटीतून गॅस आत. रोज सकाळी गेटवर उभा राहून मी लोकांचे गाल तपासायचो. विसरलेल्यांसाठी ड्रॉवरमध्ये रेझरचं पाकीटच ठेवलं होतं.

वर्ल्ड कपची स्टेडियमं उभी राहत होती तेव्हाची गोष्ट. सगळ्या शहराला घाई होती, आमच्या मॅनेजरला जरा जास्तच. प्लांट दुरुस्तीसाठी बंद होता आणि त्याला तो कालच सुरू व्हायला हवा होता.

त्यातच आमच्या एका फिटरचे वडील वारले. नाशिककडच्या खेड्यातला, माझ्याच वयाचा, घरातला थोरला. तेव्हा देश सोडायला कंपनीची सही लागायची. मॅनेजर म्हणाला, "काम खलास होने दो, फिर इन्शाल्ला." बापाला अग्नी धाकट्या भावानं दिला. हा इंडस्ट्रियल एरियातल्या खोलीत बसून मोबाइलवर बघत होता.

चौथ्या दिवशी तो गेटवर आला, गालांवर खुंट. मी सवयीनं डाफरलो.

"साहेब, सुतक आहे. दहाव्याला काढतो," तो म्हणाला. "खांदा तर देता आला नाही. एवढं तरी पाळू द्या."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तसाच मॅनेजरच्या केबिनमध्ये शिरलो. त्यानं कॉम्प्युटरवरून मानही वर केली नाही. "शेव्ह करेगा, नहीं तो व्हिसा कॅन्सल. यल्ला, जाओ."

चोर सोडून संन्याशाला फाशी! सही अडवून बसला हा, आणि शिक्षा कोणाला? मनातल्या मनात मी त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या. तोंडानं म्हणालो, "ओके सर."

ड्रॉवरमधला रेझर मीच त्याच्या हातात दिला. टॉयलेटमधल्या हात धुवायच्या साबणानं त्यानं दाढी केली. हनुवटी कापली होती, मिशी तेवढी ठेवली होती.

"बघा साहेब, बसतो का."

मी मास्क चढवला, कडेनं बोट फिरवून पाहिलं. बसला. मी त्याच्या त्या दिवसाच्या कामाच्या परमिटवर सही केली आणि तो आत गेला.

संध्याकाळी अल अझीझियातल्या घरी येऊन मी बायकोसमोर मॅनेजरचा उद्धार केला. भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "मग सहा दिवस त्याला स्टोअरमध्ये बसवायचं होतंत की. तिथे कुठे मास्क लागतो?"

"सुचलं नाही," मी म्हणालो.

खोटं होतं ते. केबिनमध्येच सुचलं होतं. पण त्यासाठी मॅनेजरशी भांडावं लागलं असतं, आणि गणपतीच्या माझ्या सुट्टीचा अर्ज त्याच्याच टेबलावर पडला होता.

दहाव्या दिवशी फिटर गेटवर आला. मिशी उतरवलेली, हेल्मेटखाली डोकं तुळतुळीत.

"दाढी नव्हती ना साहेब," तो म्हणाला, "मग जे उरलं होतं ते काढलं." आणि रोजच्यासारखा गाल पुढे केला.

मी तपासला. मान वर करून त्याच्याकडे बघायचं धाडस झालं नाही.

माझ्या सुट्टीवर सही वेळेत झाली. त्या वर्षी गणपतीला मी पुण्यात होतो.