काही हरकत?

रविवारी दुपारी सोसायटीची मीटिंग संपवून मी कोथरूडच्या घरी आले, तेव्हा मुलगी तिच्या मंत्र, राक्षस आणि सैनिक असलेल्या जादूच्या पत्त्यांचा डाव मांडून बसली होती. मी सोसायटीची सेक्रेटरी आहे. डोकं उठलं होतं, पण खेळ शिकायचं तिला कबूल केलं होतं, म्हणून बसले.

मी पाच-तीन-दोन खेळून वाढलेली. आमच्यात पान पडलं की पडलं. मी मंत्राचं पान टाकलं आणि तिचा राक्षस उचलून बाजूला ठेवून दिला.

"आई, थांब. मंत्र नुसता टाकलायस, अजून लागू झालेला नाही. आधी मला विचारायचं, काही हरकत आहे का. मी त्यावर दुसरा मंत्र टाकू शकते, त्यावर तू तिसरा. मग जो सगळ्यात शेवटी टाकला, तो आधी लागू होतो."

"म्हणजे आमची मीटिंगच," मी म्हणाले. सकाळी मी पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीचा ठराव मांडला होता. एकाने हरकत घेतली, त्या हरकतीवर दुसऱ्याने घेतली. जेवायची वेळ झाली तरी शेवटच्या हरकतीवरच चर्चा चालू होती. टाकी अजून गळतेच आहे.

पुढच्या डावात मी हातातलं शेवटचं पान टाकलं. त्या मंत्राने टेबलावरचे सगळेच सैनिक मरणार होते, माझेसुद्धा. शिकवल्याप्रमाणे मी विचारलं, "काही हरकत?"

तिने आपली पानं नीट पाहिली. "नाही. होऊ दे."

सेक्रेटरी झाल्यापासून हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. तिला पुन्हा एकदा म्हणायला लावलं.