मोठेबाबा गोड बोलू लागले तेव्हा

आमच्या मोठेबाबांनी, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाने, उभ्या आयुष्यात एकाही गोष्टीला चांगलं म्हटलेलं नाही. दिग्रसच्या जिनिंगच्या कारखान्यात त्यांनी जन्मभर कापसाची प्रत ठरवली. पुंजका चिमटीत धरायचा, हळूच ओढायचा, धाग्याची लांबी उजेडात बघायची आणि निकाल द्यायचा. हीच रीत त्यांनी सगळ्या जगाला लावली. पाहुणे म्हणून गेले की उशीच्या शिवणीतून कापूस ओढून बघायचे. देवासमोरची वातही त्यांच्या तावडीतून सुटली नाही. माझ्या ताईच्या सासरी पहिल्याच भेटीत गादीचा कोपरा चाचपून म्हणाले, "धागा आखूड हाये. माणसं पाहू." मी इंग्रजी शाळेतली आणि कमी बोलणारी, म्हणून मला ते मॅडम म्हणायचे. "मॅडम, आज मशीन बंदच हाये का?" मला हसू यायचं, पण ते मी माझ्या खोलीत जाऊन हसायची.

मग नागपूरला त्यांच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली, छाती उघडून. हृदय ठीक चालू लागलं, पण शुद्धीवर आलेले मोठेबाबा भलतेच निघाले. नर्सला म्हणाले, "आपण फार कष्ट घेता." दवाखान्याच्या खिचडीची तारीफ केली. मला हात जोडून विचारलं, "आपण कोण?" भेटायला येणारे म्हणाले, दुखण्याने माणूस किती निवळला. घाबरली ती एकटी मोठीआई, त्यांची बायको. तिने डॉक्टरांना दारातच गाठलं. "हे असे नाई बोलत. खिचडी चांगली हाये म्हणून राह्यले. यायच्या डोक्यात काई तरी झालं." डॉक्टरांनी ते हसण्यावारी नेलं नाही. तपासण्या झाल्या. मेंदूला सूज होती. ती उतरवायला स्टेरॉइडची इंजेक्शनं सुरू झाली. साखर वाढेल, झोप उडेल, आणि गुण येईलच असं सांगता येत नाही, असंही ते म्हणाले.

"झोप उडू द्या," मोठीआई म्हणाली. "आमचा माणूस वापस येऊ द्या."

आम्ही वाट बघत बसलो आणि मोठेबाबा पंख्यापासून पडद्यापर्यंत सगळ्याचं कौतुक करत राहिले. एका सकाळी नर्सने रक्त घेतलं आणि दंडावर कापसाचा बोळा दाबून ठेवला. त्यांनी तो काढला, चिमटीत धरून ओढला, खिडकीकडे करून पाहिला. "हा माल कोणं घेतला? नुसता कचरा हाये." मोठीआई तोंडाला पदर लावून रडायला लागली. बिचाऱ्या नर्सने माफी मागितली.

आता ते घरी आहेत. गोळ्या हळूहळू कमी होत आहेत, खिचडीला पुन्हा नावं ठेवली जातात. परवा शेतातला पहिला कापूस अंगणात आला. त्यांनी पुंजका ओढला. उजेडात धरून पाहिला, पण निकाल दिला नाही. पुंजका माझ्या तळहातावर ठेवून म्हणाले, "मॅडम, तू सांग."

मी ओढून पाहिला. "चांगला आहे," म्हटलं.

"तुले काई समजत नाई," ते म्हणाले. पण पुंजका काही त्यांनी परत मागितला नाही.