फडक्याखालचं माशीखाऊ रोप

द्राक्षबागेतल्या फवारणीचा उग्र वास आला, की माझं डोकं आजही फिरतं. पलूसकडच्या द्राक्षबागायतदार जैन घरात मी नवी सून होते आणि माहेरून एकच हौस सोबत आणली होती, माशा पकडून खाणारं व्हीनस फ्लायट्रॅपचं रोप. भरपूर ऊन आणि साठवलेलं पावसाचं पाणी, एवढ्यावर त्याचे जबडे आतून कुंकवासारखे लाल व्हायचे. सासूबाईंनी एकदा त्यात माशी अडकताना पाहिली आणि पाणी गाळायचं फडकं दुहेरी करून त्यावर बांधलं. मी सोडायची, त्या पुन्हा बांधायच्या. उन्हावाचून लाली उतरली. एके सकाळी फडकं उचललं, तर कुंडीतून आंबूस घाण आली. किडे मिळत नाहीत म्हणून रोप उपाशी राहू नये, यासाठी त्या गुपचूप तांदळाचं धुवण ओतत होत्या. मुळं सडून काळी पडली होती. "मारलंत ना शेवटी!" मी ओरडले. "आमी जेवू घातलं त्येला," त्या थंडपणे म्हणाल्या. "आणि बागेत फवारता, तेव्हा जीव मरत नाहीत?" "ते पोटासाठी हाय. तुझं हे नुसतं बघायला." मी कुंडीच अंगणात आपटली. आता मी सांगलीत राहते. दरवर्षी क्षमावाणीच्या दिवशी सासूबाई रीतीप्रमाणे फोनवर माझी क्षमा मागतात. मीही गोड आवाजात क्षमा मागते, फोन ठेवते आणि गॅलरीतल्या नव्या रोपाच्या लालभडक जबड्यावर माशी बसायची वाट बघत उभी राहते.