दोन लिंबांनी अडवलेली जागा

बीडच्या एका गल्लीत भर रस्त्यावर ठेवलेली दोन लिंबं अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाहीत. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यातले बरेचसे आता एकमेकांत मिसळून गेले. ती लिंबं मात्र जशीच्या तशी आठवतात, कारण त्या चौकशीत मी स्वतः चुकलो होतो.

धारूरहून माझी बदली बीड शहरात झाली होती, सहायक पोलीस निरीक्षक म्हणून. धारूरला भांडणं बांधाची असायची, बीडला आलो तर भांडणं गाडीच्या जागेची. मला जरा नवल वाटलं. लहानपणी युसूफ वडगावहून वडिलांबरोबर बीडला यायचो तेव्हा या जुन्या गल्ल्यांत भिंतीला टेकवलेल्या सायकली दिसायच्या. एखादी जीप आत शिरली तर लोक दारात येऊन बघायचे. आता त्याच गल्ल्यांत घराघरापुढे कार उभी होती, आणि गल्ली तर होती तेवढीच होती.

सकाळची हजेरी झाली, चहा आला की ठाणे अंमलदार अर्जांचा गठ्ठा माझ्यापुढे ठेवायचे. त्यात 'माझ्या दारासमोर अमक्याने गाडी लावली' हा अर्ज ठरलेला. ते दिवस आठवले की हसू येतं. आपल्याकडे माणसाचं घर उंबऱ्याशी संपत नाही, समोरच्या नालीपर्यंतचा रस्ताही तो आपलाच धरून चालतो. जागा राखायला लोक काय काय ठेवायचे: फुटकी कुंडी, जुना टायर, मोडकी बाज, पाण्याचा ड्रम. एकाने तर घरातला पाटा आणून ठेवला होता. दुसरा येऊन ते बाजूला सारायचा, आपली गाडी घुसवायचा, की दोघं भांडत ठाण्यात. आम्ही दोघांनाही समज द्यायचो, स्टेशन डायरीला नोंद घ्यायचो आणि पुढच्या कामाला लागायचो.

एक अर्ज मात्र वेगळा आला. त्यावर एका गल्लीतल्या बहुतेक घरांच्या सह्या होत्या. मजकूर असा, की गल्लीत करणी चालू आहे. रोज सकाळी एकाच ठिकाणी रस्त्यावर दोन लिंबं सापडतात, हळदकुंकू लावलेली. ज्या दारासमोर ती सापडतात त्या खोलीत शिलाईकाम करणारी एक विधवा बाई एकटी राहते. तिच्या शेजारच्या घरात एका लिपिकाचे वडील लकवा होऊन अंथरुणाला खिळले आहेत. करणी त्यांच्यावरच आहे, आणि ती ही बाईच करते.

आमच्या बीट हवालदारांना मी पाठवलं. चोवीस वर्षं नोकरी झालेला, दंगलीत दगड अंगावर घेतलेला माणूस. परत आले ते नुसते मोबाईलवर फोटो काढून.

"लिंबं कुठं आहेत?" मी विचारलं.

"तिथंच हायत साहेब. पंच हात लावंनात."

"आणि तुम्ही?"

"मला लेकरंबाळं हायत, साहेब," ते म्हणाले.

मी त्यांना झापलं, पण फार नाही. उताऱ्याचं लिंबू दिसलं की वळसा घालून जायचं, हे माझ्या आईनंही मला शिकवलं होतं. पुढचे दोन दिवसही त्यांना सकाळी जाऊन फोटो काढायला सांगितलं आणि तोवर चौकशी सुरू केली.

चौकशीत निघालं ते सगळं त्या बाईच्या विरुद्ध जात होतं. तिची खोली म्हणजे एक दार आणि दाराशेजारी एक खिडकी. मशीन खिडकीशी. समोर कार लागली की मशीनवर अंधार व्हायचा, त्यावरून तिची गाडीवाल्यांशी कुरबूर झालेली होती. लिंबं दिसू लागल्यापासून दिवसा तिथं कुणी गाडी लावत नव्हतं. एकटा तो लिपिक तेवढा संध्याकाळी कामावरून आला की लिंबं उचलून फेकायचा आणि तिथं गाडी उभी करायचा. त्याच्या दारापुढं विजेचा खांब होता, दुसरी जागा नव्हती. गल्लीला त्याची दया यायची. बापासाठी पोरगा जिवावर उदार झालाय, म्हणायचे.

फायदा कुणाचा, हे बघायला आम्हाला शिकवलेलं असतं. फायदा बाईचा दिसत होता. मी महिला शिपायाला जीप घेऊन पाठवलं आणि बाईला ठाण्यात आणलं.

इथं मी चुकलो. गुन्हा दाखल नव्हता, नुसता अर्ज होता. अशा वेळी बाईमाणसाचा जबाब तिच्या घरी जाऊन घ्यायचा असतो, हे मला चांगलं ठाऊक होतं. पण त्या दिवशी बंदोबस्ताची बैठक होती, कोण गल्लीत जाणार, असा कंटाळा केला. वर बैठक लांबली आणि बाई दोन तास बाकावर बसून राहिली. हातात शिलाईची टेप होती, मशीनवरून उठवून आणलेली. ती टेप बोटाला गुंडाळायची, सोडायची, पुन्हा गुंडाळायची.

मी विचारलं, "लिंबं तुम्हीच ठेवता का?"

"न्हाई साहेब."

"मग तुमच्याच दारासमोर कशी येतात?"

"मला ठावं असतं तर मीच नसते का आले सांगायला? बायांनी ब्लाऊज टाकायचे बंद केलेत. घरमालक म्हणतो, महिनाअखेर खोली सोडा. मी कुठं जाऊ, सांगा." आवाज चढला नाही, डोळ्यांत पाणी नाही. उठताना एवढंच म्हणाली, "जीप कावून पाठवली साहेब? निरोप धाडला असता तर चालत आले असते."

तिला घरी पाठवलं. दुसऱ्याच दिवशी हवालदारांनी सांगितलं, की घरमालकानं महिनाअखेरचं आठ दिवसांवर आणलंय. पोलीस उचलून घेऊन गेले म्हणजे तीच, असं गल्लीनं ठरवून टाकलं होतं. माझ्या जीपनंच निकाल दिला होता. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

सकाळी मी साध्या कपड्यांत चालत त्या गल्लीच्या तोंडाशी गेलो. तिथं एक म्हातारे चाचा लिंबं आणि मोसंब्यांचा गाडा लावायचे. त्यांना हवालदारांनी काढलेले तीन दिवसांचे तीन फोटो दाखवले आणि विचारलं, ही लिंबं तुमच्याकडून कोण नेतं?

चाचांनी मोबाईल डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. मग गाड्यावरच्या लिंबाला कुरवाळत म्हणाले, "साहेब, उताऱ्याचं लिंबू रोज ताजं लागतं. बिनडागी. लोक निवडून निवडून घेतेत. हे बघा, याला देठाजवळ काळा डाग हाय. दुसऱ्या फोटोत बी तोच डाग. तिसऱ्यात बी. अन तिसऱ्यात तर साल सुकलीय. रोज नवं न्हाई हे. एकच लिंबू रोज परत येतंय."

मी फोटो मोठा करून पाहिला. डाग तोच होता. तीन दिवस ते फोटो माझ्या मोबाईलमध्ये होते आणि मी फक्त हळदकुंकू पाहत होतो.

करणीवर ज्याचा विश्वास आहे तो उताऱ्याचं लिंबू पुन्हा उचलणार नाही. आमचे हवालदार काठीनंसुद्धा शिवले नव्हते. म्हणजे रोज ते उचलणाऱ्याला ठाऊक होतं, की त्यात काही नाही. आणि रोज उचलणारा गल्लीत एकच होता. ठाण्यात येऊन मी अर्ज पुन्हा काढला, सह्या वाचल्या. ज्याच्या घरावर करणी झाली म्हणून सगळी गल्ली अर्ज करत होती, त्या लिपिकाची सही त्यावर नव्हतीच.

संध्याकाळी सहाला तो गाडी घेऊन आला तेव्हा मी खांबाजवळ उभा होतो. त्यानं सवयीनं लिंबं उचलली आणि मला पाहून जागीच थांबला.

"फेकू नका, नेहमी ठेवता तिथं ठेवा," मी म्हणालो.

त्यानं मुकाट्यानं गाडीचा पुढचा कप्पा उघडला. आत प्लास्टिकची डबी होती, हळदकुंकवाच्या पुड्या होत्या.

त्याला दमात घ्यावं लागलं नाही. मी गाडीत त्याच्या शेजारी बसलो आणि तो बोलू लागला. "वडलांना दिवसाआड व्यायामाला न्यावं लागतं. दोघांनी उचलून आणायचं. गाडी लांब असली की लई हाल होतेत. दगड ठेवला, लोकांनी उचलला. कुंडी ठेवली, फोडली. एका शनिवारी गाडीला बांधलेलं जुनं लिंबू तुटून तिथं पडलं, तर दिवसभर कुणी गाडी लावली न्हाई. मला वाटलं, बरं सापडलं."

"आणि त्या बाईचं नाव आलं तेव्हा?"

त्यानं गाडीचा कप्पा लावून घेतला. "दोनदा तिच्या दारापर्यंत गेलतो साहेब, खरं सांगायला. दोनदा परत आलो. तिसऱ्यांदा जाणारच होतो, तर तुमची जीप आली तिला न्यायला. मग म्हणलं, आता पोलिसांनाच वाटतंय तिनंच केलं, तर आपण कशाला."

आरोपीची उत्तरं ऐकायची मला सवय होती. या उत्तरानं मात्र मान खाली गेली. त्याची चूक अर्धी होती, उरलेली अर्धी मी पुरी केली होती.

मी बाईच्या खोलीवर गेलो, या वेळी चालत. सगळं सांगितलं आणि म्हणालो, "तुम्ही तक्रार द्या, मी गुन्हा दाखल करतो."

ती मशीनवरून उठली नाही. "तो कोर्टाच्या खेपा घालील अन म्हाताऱ्याला उचलायला एक माणूस कमी होईल. त्यानं मला काय मिळंल? त्याला गल्लीसमोर बोलू द्या." मग म्हणाली, "अन तुमी बी बोला. जीप तुमीच पाठवलती."

रविवारी सकाळी गल्ली जमली. लिपिक बोलला, हात जोडून, अडखळत. मग मी बोललो. अंगावर वर्दी होती. या बाईंना ठाण्यात बोलवायचं काही कारण नव्हतं, ती माझी चूक, मी त्यांची माफी मागतो, असं स्पष्ट म्हणालो. घरमालक खाली बघत होता. मागून एका बाईचा आवाज आला, "माझे दोन ब्लाऊज शिवून घ्यायचेत, उद्या येते हं."

लोक पांगण्याआधी मी गाड्यांचा विषय काढला. गल्लीच्या एका बाजूला जुन्या गोदामाची लांबलचक भिंत होती, तिथं दारं नव्हती. सगळ्यांनी भिंतीला गाड्या लावल्या तर सगळं सुटत होतं, पण जो तो आपल्याच दारासाठी अडून होता. किती गाड्या मावतील यावर वाद सुरू झाला. कुणी पावलं मोजू लागला, दुसऱ्याची पावलं त्याला पटेनात. तेवढ्यात बाई शिलाईची टेप आणि खडू घेऊन बाहेर आली. हवालदारांनी टेपचं दुसरं टोक धरलं. कापड बेतावं तशी तिनं ती भिंत बेतली. दोन गाड्यांत दार उघडण्याइतकं अंतर सोडून खडूनं रेघा ओढल्या. सगळ्यांच्या गाड्या मावल्या, वर पाहुण्यांसाठी एक जागा उरली.

लिपिकाकडं न बघता ती म्हणाली, "आजोबांना चढवायला-उतरवायला गाडी माझ्या दाराशी आणत जावा. तेवढा वेळ उजेड गेला तर चालंल मला."

पुढं माझी बदली झाली, मग निवृत्ती आली. मागच्या नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी बीडला गेलो, जावई गाडी चालवत होते. मुद्दाम त्यांना त्या गल्लीतून घ्यायला सांगितलं. चाचांच्या गाड्याच्या जागी आता मोबाईलचं दुकान होतं. भिंतीला ओळीनं गाड्या होत्या, पाहुण्यांची जागाही भरलेली. समोरच्या बाजूला एका खिडकीपुढं तेवढी मोकळी जागा होती. जावयांनी गाडी तिकडं वळवली.

खांबाजवळच्या घरातून एक माणूस लगबगीनं बाहेर आला. केस पिकले होते, तरी मी ओळखला. मला साध्या कपड्यांत त्यानं ओळखलं नाही. दारातून आत भिंतीवर त्याच्या वडलांचा हार घातलेला फोटो दिसत होता.

"दादा, तिथं नका लावू," तो जावयांना म्हणाला.

"का? रिकामीच तर आहे."

"रिकामी न्हाई. बाईंचं मशीन हाय आत, त्यांच्या उजेडाची जागा हाय ती."

जावयांनी खाली पाहिलं. तिथं दगड नव्हता, कुंडी नव्हती, खडूच्या रेघा तर कधीच्या पुसल्या होत्या. खिडकीतून मशीनचा आवाज येत होता. मी काच खाली करून तो थोडा वेळ ऐकला. मग जावयांना म्हणालो, गाडी मागं घ्या, स्टँडजवळ लावू आणि चालत येऊ.